खंजिरी वाजवणाऱ्या माणसाला इंग्रजांनी तुरुंगात का टाकलं? तुकडोजी महाराज, चिमूर आणि सप्तखंजिरीची गोष्ट

ऑगस्ट १९४२. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. ३३ वर्षांच्या एका माणसाला पोलिसांनी अटक केली. हा माणूस कुठल्या पक्षाचा पुढारी नव्हता. वकील, संपादक, क्रांतिकारक यापैकीही काही नव्हता. गावोगावी जाऊन भजनं म्हणायची आणि भजनाला साथ म्हणून स्वतःच खंजिरी वाजवायची, हे त्याचं काम. त्याला आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सुटका झाली डिसेंबरमध्ये, साधारण शंभर दिवसांनी.

हे होते तुकडोजी महाराज. आज त्यांच्या नावाने नागपूरचं विद्यापीठ आहे, विदर्भातल्या असंख्य चौकांत त्यांचे पुतळे आहेत आणि ‘ग्रामगीता’ हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण पुतळा नीट बघा. डोक्याला फेटा आणि हातात खंजिरी. संतांच्या चित्रात वीणा, टाळ, चिपळ्या आपण नेहमी बघतो. खंजिरी मात्र जवळपास एकट्या तुकडोजी महाराजांची ओळख बनली.

ती खंजिरी त्यांच्या हातात कशी आली? तिच्यात असं काय होतं की सरकारला तो माणूस आत टाकावासा वाटला? आणि आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ती कोण वाजवतं? सगळं नीट समजून घेऊया.

आधी हे वाद्य समजून घ्या

खंजिरी म्हणजे लाकडाचं एक गोल कडं. एका बाजूला कातडं ताणून बसवलेलं, दुसरी बाजू उघडी. कड्याला खाचा पाडून त्यात पितळेच्या किंवा पत्र्याच्या छोट्या चकत्या जोडीने अडकवलेल्या असतात. एका हातात कडं धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी, तळव्याने थाप द्यायची. कातड्याचा आवाज ‘धुम’ असा येतो, चकत्यांचा ‘छन्’. म्हणजे एकाच वाद्यात ढोलकीही आहे आणि झांजही.

महाराष्ट्रात या घराण्यातली वाद्यं बरीच आहेत, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. थोडक्यात फरक असा:

- डफ: आकाराने मोठा. शाहिरांचं वाद्य. पोवाडा डफावरच रंगतो.
- हलगी: काठ्यांनी वाजवतात. आवाज कडक. मिरवणूक, कुस्तीचा फड, जत्रा इथे हमखास.
- दिमडी: लहान कडं. खंडोबाच्या जागरणात वाघ्या वाजवतो.
- खंजिरी: लहान कडं आणि त्याला चकत्या. भजनाची सोबतीण.

जगात बघायला गेलं तर कड्यावर कातडं ताणलेली वाद्यं सगळीकडे सापडतात. अरबस्तान-इराणातला दफ, ब्राझीलचा पांदेइरो, युरोपातलं टॅम्बरिन ही सगळी खंजिरीची लांबची भावंडं.

सगळ्यात जवळची बहीण मात्र तमिळनाडूत आहे, ती म्हणजे कंजिरा. तिला चकत्यांची एकच जोडी असते. भजनात वाजणाऱ्या या वाद्याला मानपूंडिया पिळ्ळै यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. पुढे जी. हरिशंकर यांनी ती कला फार उंचीवर नेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’ या बँडला ग्रॅमी मिळाला, तेव्हा झाकिर हुसेन, शंकर महादेवन, जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासोबत व्ही. सेल्वगणेश हे नाव होतं. ते कंजिराच वाजवतात. म्हणजे आपल्या भजनातल्या खंजिरीची बहीण ग्रॅमीपर्यंत जाऊन आली आहे.

एक गोष्ट जंगलाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी. कंजिरासाठी पूर्वी घोरपडीचं कातडं वापरत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तिची शिकार, तिच्या कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. खंजिरीला शेळीचं कातडं चालतं आणि आता बाजारात प्लास्टिकच्या पानाच्या खंजिऱ्याही मिळतात. त्यामुळे ‘असली आवाज फक्त घोरपडीचाच’ असं कुणी सांगितलं तर दुकानातून सरळ बाहेर पडा.

माणिकचा तुकड्या कसा झाला?

३० एप्रिल १९०९. अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. बंडोजी आणि मंजुळा यांच्या घरी मुलगा झाला, नाव ठेवलं माणिक. घरची परिस्थिती बेताची, शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. पण भजनाचा नाद लहानपणापासूनचा.

माणिकच्या आयुष्यावरचा पहिला आणि सगळ्यात खोल ठसा वरखेडच्या आडकोजी महाराजांचा. आडकोजी महाराज त्याचे गुरू. त्यांनीच त्याला ‘तुकड्या’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे भजनाच्या शेवटी हेच नाव सही म्हणून येऊ लागलं. १९२१ मध्ये आडकोजी महाराज गेले. माणिक तेव्हा १२ वर्षांचा होता.

त्यानंतरचा त्याचा बराच काळ गेला जंगलात. रामटेक, सालबर्डी, रामदेगी, गोंदेडा. यातली शेवटची दोन ठिकाणं आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर परिसरात येतात. रामदेगी ताडोबाच्या जंगलाला लागून आहे. गोंदेड्याची गुंफा आज महाराजांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते आणि तिथे दरवर्षी यात्रा भरते. म्हणजे जन्म अमरावतीचा असला, तरी माणूस घडला तो बऱ्याच अंशी या झाडीत. आणि पुढे याच भागातल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं.

कुणाकुणाचा प्रभाव होता?

कुठल्याही कलाकाराबद्दल हा प्रश्न विचारतातच. महाराजांच्या बाबतीत चार धागे स्पष्ट दिसतात.

पहिला, गुरूंचा. आडकोजी महाराजांकडून भक्ती आली आणि नावही आलं.

दुसरा, वारकरी परंपरेचा. तुकारामांचा अभंग, कीर्तन, गावातल्या देवळातली भजनं. साध्या बोलीत मोठी गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याला टोचेल असं बोलायचं, ही सवय तिथली. पण महाराज फक्त मराठीत थांबले नाहीत. हिंदीतही त्यांनी भरपूर भजनं लिहिली. विदर्भाचा बराचसा भाग तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. नागपूर, रायपूर, जबलपूर एकाच प्रांतात. हिंदी इथे परकी नव्हती.

तिसरा धागा त्याच काळाचा आणि त्याच जिल्ह्याचा, गाडगेबाबांचा. तेही अमरावती जिल्ह्यातले, वयाने तेहतीस वर्षांनी मोठे. कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण, व्यसनमुक्ती सांगायची, देवाच्या नावाने पैसा उधळू नका म्हणायचं, ही वाट गाडगेबाबांनी आधीच पाडून ठेवली होती.

चौथा, गांधीजींचा. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं आणि महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले. त्याआधीच्या वर्षी, १९३५ मध्ये, सालबर्डीला त्यांनी केलेल्या महायज्ञाला लाखोंची गर्दी जमली होती आणि नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला होता. सेवाग्रामनंतर त्यांच्या भजनांत ग्रामोद्योग, सूतकताई, गावाची स्वच्छता आणि देशाचं स्वातंत्र्य हे विषय जास्त ठळक होत गेले.

खंजिरीच का?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हार्मोनियम होतं, तबला होता, मृदंग होता, एकतारी होती. मग खंजिरीच का? याची उत्तरं वाद्याच्या घडणीतच सापडतात.

एक, ती पिशवीत मावते. चांदा जिल्हा तेव्हा प्रचंड मोठा होता. गडचिरोली त्यातून वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. मध्ये वैनगंगा, उत्तरेला ताडोबा, दक्षिणेला अहेरी-सिरोंचाचं जंगल. पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटायची. अशा मुलखात हार्मोनियमची पेटी आणि तबल्याचा जोड घेऊन फिरणं म्हणजे बैलगाडी हवीच. खंजिरी घेऊन माणूस पायी निघू शकतो.

दोन, गाणारा स्वतःच ती वाजवू शकतो. तबल्याला दुसरा माणूस लागतो. खंजिरी हातात असली की लय गाणाऱ्याच्या ताब्यात राहते. कुठे थांबायचं, कुठे वेग वाढवायचा, कुठे हात वर करून एकदम शांत व्हायचं, हे सगळं त्याचं तोच ठरवतो. भाषण करणाऱ्याला जसा आवाजाचा चढउतार लागतो, तसाच हा हाताचा चढउतार.

तीन, तिचा आवाज लांब जातो. लाऊडस्पीकर नसलेल्या गावात चकत्यांचा ‘छन्’ गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ठेका ऐकू आला की शब्द थोडे निसटले तरी लोक टाळी धरतात आणि टाळी धरली की ध्रुवपद आपोआप तोंडी बसतं.

चार, ती स्वस्त आहे आणि शिकायला सोपी आहे. भजनाचे बहुतेक ठेके आठ मात्रांचे. ‘धा गे ना ति, न क धि न’ हा केरवा ज्याच्या कानात बसला, त्याला खंजिरीवर जुजबी साथ करायला फार दिवस लागत नाहीत. त्यामुळे महाराज गावातून गेले तरी भजन गावात राहायचं. दुसऱ्या दिवशी तिथलाच कुणी पोरगा तेच भजन त्याच ठेक्यावर म्हणू शकायचा.

हा चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सभेवर बंदी घालता येते, वर्तमानपत्र जप्त करता येतं. पण जे गाणं पन्नास गावांना पाठ आहे, ते जप्त कसं करणार?

चिमूरमध्ये नेमकं काय झालं?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला. ९ तारखेला गांधीजींसह मोठे नेते अटकेत गेले. पुढच्या काही दिवसांत आंदोलन खेड्यांपर्यंत पोचलं.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरमध्ये मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. चिडलेल्या जमावाने मग सरकारी इमारती पेटवल्या आणि अधिकारी व पोलीस मिळून चार जणांना ठार केलं. पुढचे तीन दिवस चिमूरमध्ये इंग्रजांचं राज्य चाललं नाही. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली.

मग चिमूरमध्ये लष्कर आलं. घराघरांतून पुरुषांना पकडून नेलं. मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. चिमूर-आष्टी खटल्यात अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं आणि अखेर १९४५ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली.

यात तुकडोजी महाराज कुठे येतात? या भागात त्यांचे भजनाचे कार्यक्रम आधीपासून होत होते. चिमूर, आष्टी ही दोन्ही गावं त्यांच्या प्रभावाखालची. त्यांच्या भजनांत गुलामीबद्दलची चीड आणि निधड्या छातीने उभं राहण्याची हाक होती. सरकारने ही साखळी जोडली आणि ऑगस्टच्या अखेरीला त्यांना चांद्यात पकडलं.

आता इथे दोन टोकांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ‘महाराजांच्या भजनामुळेच चिमूर पेटलं’. दुसरी, ‘ते तर संत, त्यांचा राजकारणाशी काय संबंध’. दोन्ही अर्धवट आहेत.

चिमूर पेटलं त्यामागे नेत्यांची अटक होती, स्थानिक कार्यकर्त्यांची संघटना होती, युद्धकाळातली महागाई होती आणि त्या दिवशीची पोलिसांची गोळी होती. कुठलीही खंजिरी एवढं सगळं एकटी घडवत नाही. पण घाबरलेला माणूस एकटा असतो तेव्हा घरात बसतो. तोच माणूस शंभर जणांसोबत एका ठेक्यावर गात असेल, तर उठून उभा राहतो. महाराजांच्या भजनाने हे केलं. लोकांना एकत्र बसायची, एका आवाजात बोलायची सवय लावली. इंग्रजांना धोका वाटला तो याच सवयीचा.

आणि या सगळ्याची किंमत चिमूरने मोजली, हेही विसरू नये. भजनाची आठवण गोड असते, पण त्या ऑगस्टमध्ये या गावातल्या बायकांनी जे भोगलं ते कुठल्याच गाण्यात मावणारं नाही.

तुरुंगानंतरचा प्रवास

सुटून आल्यावर महाराजांनी कामाची दिशा संघटनेकडे वळवली. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी उभ्या राहू लागल्या. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, सगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी एकत्र बसायचं, प्रार्थनेनंतर गावाच्या कामाबद्दल बोलायचं, असा तो कार्यक्रम. देवळं सगळ्यांना खुली करा, अस्पृश्यता सोडा, दारू सोडा, लग्नात उधळपट्टी करू नका. विषय बदलत गेले, खंजिरी तीच राहिली.

१९५५ मध्ये ते जपानला गेले, जागतिक धर्म आणि शांतता परिषदेसाठी. तिथेही त्यांनी खंजिरीवर भजन म्हटलं. ज्या देशाने दहाच वर्षांपूर्वी हिरोशिमा-नागासाकी बघितलं होतं, तिथे विदर्भाचा एक माणूस छोटं कातडी वाद्य घेऊन शांततेचं गाणं म्हणत होता.

भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचं खंजिरी भजन ऐकून त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं. तेव्हापासून हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. १९५६ मध्ये ते भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६२ च्या चीन युद्धाच्या आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धाच्या वेळी ते सीमेवर गेले आणि जवानांसमोर भजनं म्हटली.

दरम्यान ‘ग्रामगीता’ लिहून झाली होती. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, शेती, महिलांचं स्थान, अगदी भांडणं कशी मिटवावीत इथपर्यंत सगळं त्यात आहे. ओवी हा छंद त्यांनी उगाच निवडलेला नाही. ओवी वाचायच्या आधी म्हटली जाते. जात्यावर म्हणता येते, पारावर म्हणता येते. लय आधी आणि मजकूर तिच्यावर स्वार, हे खंजिरीवाल्याचंच गणित.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांचं निधन झालं. वय ५९.

एका नजरेत

- १९०९: यावली, जि. अमरावती इथे जन्म
- १९२१: गुरू आडकोजी महाराजांचं निधन
- १९३५: सालबर्डीचा महायज्ञ, मोझरीला गुरुकुंज आश्रम
- १९३६: सेवाग्रामला गांधीजींसोबत
- १९४२: चिमूरचा उठाव, चांद्यात अटक, सुमारे शंभर दिवस तुरुंगवास
- १९५५: जपानच्या परिषदेत खंजिरी भजन
- १९५६: भारत साधू समाजाचे अध्यक्ष
- १९६८: मोझरी इथे निधन
- २००५: नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव

एका खंजिरीच्या सात कशा झाल्या?

महाराज गेल्यावर खंजिरी थांबली नाही. तिचं पुढचं रूप म्हणजे सप्तखंजिरी, आणि हा शब्द काढला की विदर्भात पहिलं नाव येतं सत्यपाल महाराजांचं.

सत्यपाल महाराज अकोला जिल्ह्यातल्या अकोट भागातले. तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा ही त्यांची दोन दैवतं. समोर वेगवेगळ्या आवाजाच्या सात खंजिऱ्या मांडायच्या आणि एकट्याने त्या वाजवत प्रबोधन करायचं, ही त्यांची शैली. कुणाचा आवाज खर्जातला, कुणाचा चढा. हात एकीवरून दुसरीवर फिरत राहतो. मध्येच विनोद, मध्येच प्रेक्षकातल्या कुणाची फिरकी, मध्येच हुंडा घेणाऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना, बुवाबाजीच्या नादी लागणाऱ्यांना सणसणीत चपराक.

वादनाच्या दृष्टीने बघितलं तर हा मोठा बदल आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी गाण्याच्या सोबतीला होती. सप्तखंजिरीत वादन स्वतःच बघण्याची गोष्ट झालं. लोक आधी सात खंजिऱ्या बघायला थांबतात आणि मग विचार ऐकून घरी जातात. आज विदर्भात ‘सप्तखंजिरीवादक’ ही बिरुदावली लावणारे अनेक प्रबोधनकार आहेत. जयंती, पुण्यतिथी, गणेशोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन, यांना कार्यक्रम मिळत राहतात. यूट्यूबवर तर यांचे व्हिडिओ धो धो चालतात.

पण हे काम निवांत नाही. मे २०१७ मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला. ते वाचले आणि पुन्हा खंजिऱ्या मांडून बसले. १९४२ मध्ये खंजिरीवाल्याला सरकारने तुरुंगात टाकलं होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही खंजिरीवरून बोललेलं कुणाला तरी एवढं टोचतं, एवढं यातून कळतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज खंजिरी कुठे आहे?

सगळ्यात आधी, भजन मंडळांत. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादांनी ग्रामगीतेच्या विचारावर चालणारं केंद्र उभं केलं. गावात पुण्यतिथी सप्ताह आला की खंजिरी भजनाच्या स्पर्धा लागतात. पुरुषांचे गट, महिलांचे गट, बालगट. महिलांच्या मंडळात खंजिरी वाजवणारी बाई हेच त्या मंडळाचं इंजिन असतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हे वादक बहुतेक हौशी आहेत. दिवसा धानाच्या बांधीत, रात्री भजनात. बक्षिसाची रक्कम मंडळाच्या साउंड सिस्टीमला किंवा गणवेशाच्या साड्यांना जाते. खंजिरीवर घर चालवणारी माणसं मोजकी, म्हणजे ज्यांचं स्वतःचं नाव आणि स्वतःचे कार्यक्रम आहेत तेवढीच.

या भागात तालवाद्यावर पोट भरायचं असेल तर त्याची खरी बाजारपेठ दुसरीकडे आहे, झाडीपट्टी रंगभूमीवर. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. गाणी प्रत्यक्ष गायली जातात, त्यामुळे ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे प्रत्येक कंपनीला लागतात. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकी महाराष्ट्राचं लक्ष थोडं इकडे वळलं.

पण हा हंगामी धंदा आहे. धान कापून झालं की हंगाम सुरू, होळीला संपला. करोनाच्या काळात नाटकं बंद पडली तेव्हा नटांइतकाच फटका वादकांना बसला. त्यामुळे इथला तबलजी वर्षभर नुसता तबलजी राहू शकत नाही. उन्हाळ्यात लग्नाची वरात, पावसाळ्यात शेती, भाद्रपदात गणपतीचे कार्यक्रम, आश्विनात भजन सप्ताह, असं त्याचं वर्ष असतं.

दारूबंदीशी याचा काय संबंध?

थेट नाही, पण जमीन तीच आहे. दारू सोडा हे महाराज आयुष्यभर खंजिरीवर सांगत राहिले. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरमध्ये बंदीसाठी महिलांनी २०१० मध्ये नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला आणि तो निघाला होता चिमूरहून. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरमध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली.

बंदी असावी की नसावी, यावर इथल्या घराघरांत दोन मतं आहेत. अवैध दारू, बुडणारा महसूल, रोजगार हे मुद्देही खरे आहेत. पण दारूच्या प्रश्नावर गावातल्या बायकांनी एकत्र बसायचं, बोलायचं आणि चालत निघायचं, हे या मुलखाला नवीन नाही. एकत्र बसायची ती सवय जुनी आहे आणि ती ज्यांनी लावली त्यांच्यात खंजिरीवाले महाराज नक्की आहेत.

खंजिरी शिकायची असेल तर?

यासाठी महागडा क्लास लागत नाही. काही साध्या गोष्टी:

- सुरुवातीला हलकी खंजिरी घ्या. जड कडं धरून पंधरा मिनिटांत मनगट दुखायला लागतं.
- कातडी पानाची खंजिरी पावसाळ्यात सैल पडते. वाजवण्याआधी उन्हात किंवा शेकोटीजवळ लांबून शेकावी. फार जवळ धरली तर पान फाटतं.
- आधी आठ मात्रांचा केरवा, मग सहा मात्रांचा दादरा. हे दोन पक्के झाले की बहुतेक भजनांना साथ होते.
- थाप आणि चकत्या वेगवेगळ्या ऐकायला शिका. नवशिक्याच्या खंजिरीत सगळा वेळ नुसता ‘छन् छन्’ चालू असतो. हात स्थिर ठेवून फक्त कातडं वाजवता आलं की समजा अर्धं शिकलात.
- आणि सगळ्यात सोपा मार्ग, गावातल्या भजन मंडळात जाऊन बसा. तिथे प्रवेश फी नसते.

शेवटी एक शांत गोष्ट

दरवर्षी आश्विन महिन्यात मोझरीला महाराजांची पुण्यतिथी होते. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. चंद्रपूर-गडचिरोलीहून एसटी, ट्रॅव्हल्स, टेम्पो भरून येतात. आठवडाभर भजनं, खंजिऱ्या, कीर्तनं यांनी आश्रम दणाणून जातो.

मग शेवटच्या दिवशी संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, सगळं थांबतं. भजन थांबतं, खंजिरी थांबते, गर्दी जिथे आहे तिथे उभी राहते. लाखो माणसं आणि आवाज नाही. याला मौन श्रद्धांजली म्हणतात.

ती संपली की प्रार्थना होते. मग आपापल्या खंजिऱ्या पिशवीत टाकून लोक गावाकडे निघतात.